दोन करडं आणि आठ किलोमीटर खालचा चिखल

अन्तोफागास्ता,
सप्टेंबर संपता संपता

आदरणीय सासूबाई दोन्या त्रान्सितो यांना जावई बेलार्मिनोचा टोपी हातात धरून, कमरेत वाकून नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा ठीक आहे असं तुमची लेक नोल्फा म्हणाली, म्हणून त्याची चौकशी करत नाही. त्याने राग मानू नये.) शेळ्या कशा आहेत? ती शिंग मोडलेली, जिने गेल्या नाताळात माझ्या विजारीचा खिसा आतल्या रुमालासकट खाल्ला, तिची तब्येत कशी आहे? तिलाही माझा नमस्कार सांगा. यंदा तुमच्या कोम्बार्बालाला चार थेंब पडले असं कानावर आलं, ऐकून बरं वाटलं. इकडे पाऊस म्हणजे काय हे शाळेतल्या पोरांना फळ्यावर चित्र काढून सांगावं लागतं.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. पहिल्यांदा मी नुसतं "सासूबाई" म्हणालो आणि तुम्ही फोन ठेवलात. दुसऱ्यांदा मी काहीच बोललो नाही, तरी तुम्ही ओळखलंत आणि ठेवलात. मग मी आवाज बदलून पाद्रीबाबा बोलतोय असं सांगितलं, तेव्हा तुम्ही जे काही बोललात ते पाद्रीबाबांना उद्देशून नव्हतं अशी मी आशा धरून आहे. पत्राचं तसं नसतं. ते रागाने चुलीजवळ फेकलं तरी थोड्या वेळाने माणूस उचलून पुढचं वाचतो. (चुलीजवळ म्हणालो, चुलीत नव्हे.)

आमच्या खलाशांचा मुकादम, सारंग लेओन्सियो, याची बायको तुमच्या चुलतबहिणीच्या शेजारी राहते हे आमच्या जहाजाचं दुर्दैव आहे. तिने तुम्हाला सांगितलं म्हणे, की अठरा सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणासाठी तुम्ही पाठवलेली दोन करडं मी समुद्रात भिरकावून दिली आणि त्यांच्या जागी थंड खोलीत चिखल भरून ठेवला. हे साफ खोटं आहे. म्हणजे चिखल भरला हे खरं आहे. पण करडं भिरकावली नाहीत, खाल्ली, आणि शेवटच्या हाडापर्यंत खाल्ली. फक्त अठराला नाही खाल्ली. चौदाला खाल्ली. आता एवढं वाचून झालंच आहे तर उठू नका, गुडघ्याला त्रास होईल. सगळं क्रमाने सांगतो.

ती करडं साधी नव्हती हे मी जाणून आहे. सासरे रुपेर्तो गेल्यापासून दर अठरा तारखेला तुम्ही त्यांच्या नावाने दोन करडं भाजून अख्ख्या वाडीला जेवू घालता. सासरे उमेदीच्या काळात खलाशी होते, आणि गेल्या नाताळात दोन पेले जास्त झाल्यावर मीच छाती काढून म्हणालो होतो की त्यांच्या नावाचा पेला खरं तर समुद्रावर उचलायला हवा. तुम्ही ते मनावर घेतलंत. बाटलीने दूध पाजून वाढवलेली करडं कापून, साफ करून, बर्फात घालून बसने पाठवलीत. त्यांना तुम्ही नावं दिली होती हे नोल्फाने मला मी परत आल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मसाला लावताना मी दोघांची नावं घेऊन माफी मागितली असती.

आता आमच्या जहाजाविषयी. मी ज्यावर स्वयंपाक करतो ते 'पिल्पिलेन' हे मासेमारीचं जहाज नाही, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलंय, आणि प्रत्येक वेळी तुम्ही विचारलंय की मग मासे का आणत नाही. आम्ही चिखल आणतो. इथून काही तास पश्चिमेला गेलं की समुद्राचा तळ एकदम खचतो आणि आठ किलोमीटर खाली जातो. आपल्या मागचा डोंगर, शिखरावरच्या बर्फासकट, उलटा करून त्यात ठेवला तरी वर पाणी उरेल. तिथे खाली ठार काळोख, पाणी गोठायचं तेवढं राहिलेलं, आणि वरच्या पाण्याचं ओझं एवढं की अंगठ्याच्या नखावर कोणी मोटारगाडी उभी करावी. असल्या ठिकाणी कोण राहील, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो. त्यावर डॉक्टरीणबाई यास्ना हसली होती.

ही यास्ना आमच्या जहाजावरची शास्त्रज्ञ. मुलगी अन्तोफागास्ताचीच, आजोबा क्रोएशियातून आलेले, उंची दरवाजाएवढी, बोलणं भराभर. ती 'डॉक्टर' आहे हे ऐकून पहिल्याच दिवशी मी तिला माझी पाठ दाखवली. तिने ती शांतपणे, दोन्ही बाजूंनी, नीट तपासली आणि मग म्हणाली, "काका, मला फक्त एका पेशीच्या जीवांमधलं कळतं. तुमच्या पाठीत पेशी फार जास्त आहेत." तेव्हापासून आमचं जमलं. (पाठ अजून दुखते.)

तर तिचे हे एका पेशीचे जीव त्या चिखलात राहतात. मी एकदा त्यांना जंतू म्हणालो तर तिने चमचाच खाली ठेवला. "जंतू नाहीत हो, काका! जंतूंचं घर म्हणजे एकच खोली, सगळं सामान एका पोत्यात कोंबलेलं. यांच्या पेशीत केंद्रक असतं, आडभिंती असतात, कोठार निराळं, भट्टी निराळी. तुमच्या अंगातल्या पेशीचा नकाशा आणि यांचा नकाशा एकच." मी म्हणालो, "म्हणजे आपल्या भावकीतले?" ती म्हणाली, "लांबचे, पण भावकीतलेच." भावकी म्हटल्यावर मी जरा सावध झालो. तुमच्या दिरांबरोबर विहिरीच्या वाटणीवरून जे झालं, त्यानंतर मला या शब्दाची धास्तीच बसली आहे. पण ही मंडळी गरीब आहेत. खसखशीच्या दाण्याहून लहान. अंगातून बारीक धागे बाहेर काढतात, चिखलातला एकेक कण उचलून स्वतःभोवती चिकटवतात आणि गोल घर बांधून आत बसतात. वरून कोणी मेलेलं, कुजलेलं काही खाली आलं तर ते खातात. आणि (जेवताना वाचत असाल तर हे वाक्य सोडा) स्वतःची घाण बाहेर न टाकता घरातच साठवून ठेवतात. का, ते यास्नालाही नक्की माहीत नाही. मी तिला आमच्या सारंगाची खोली दाखवली. म्हटलं, कदाचित इथे काही धागादोरा मिळेल.

हा चिखल वर आणणं म्हणजे एक भलतंच प्रकरण आहे. लोखंडी सांगाड्याला काचेसारख्या नळ्या लावायच्या आणि पोलादी दोराने खाली सोडायचा. सकाळच्या चहाला सोडला तर जेवणाच्या वेळी तळाला टेकतो, आणि परत येईतो संध्याकाळच्या चहाची किटली उकळते. पहिल्यांदा नळ्या रिकाम्या आल्या. दुसऱ्यांदा एका नळीत चॉकलेटचा कागद आला. सासूबाई, आठ किलोमीटर खाली! जिथे उजेड पोचत नाही तिथे आमच्या आधी कोणीतरी खाल्लेल्या चॉकलेटचा कागद पोचला होता. त्या दिवशी मी जेवणानंतरचा गोड पदार्थ रद्द केला. तिसऱ्या खेपेला मात्र नळ्या भरून आल्या. राखाडी, लोण्यासारखा मऊ चिखल. खलाशांनी शिट्ट्या वाजवल्या. यास्नाने एक नळी लेकरासारखी छातीशी धरली. मीही वास घेऊन पाहिला, सवयच आहे ती. काहीच वास नव्हता, नुसता गारवा.

त्या चिखलासाठी माझ्या थंड खोलीला लागून त्याची स्वतःची थंड खोली होती, काळा पडदा लावलेली. कारण वर येता येता अंगावरचं ओझं उतरलं की यातले बरेच जीव फुटून मरतात, आणि जे तगतात त्यांना खालच्याइतकीच थंडी आणि काळोख सतत लागतो. जरा ऊब लागली की संपलं. मी म्हणायचो, काय नाजूक पाहुणे! नखावर मोटारगाडी चालते, पण ऊब चालत नाही.

आणि चौदा तारखेला सकाळी त्या चिखलाच्या खोलीचं यंत्र दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मेकॅनिकने आत डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि सांगितलं की लागणारा सुटा भाग अन्तोफागास्तात आहे. थोड्याच वेळात यास्ना माझ्या भटारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. कधी नव्हे ती हळू बोलत होती.

"काका, तुमची थंड खोली हवी."

"किती वेळ?"

"बंदराला लागेपर्यंत. मटण टांगलंय ती सगळी जागा लागेल, आणि दार फार उघडायचं नाही."

"आणि आतलं मटण कुठे ठेवू? बर्फाच्या पेटीत पाव आहेत, मुंगी शिरायला जागा नाही."

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मटण मेलेलंच आहे, काका. माझे अजून जिवंत आहेत."

मला असा संताप आला म्हणून सांगू! मी झारा हातात घेऊन म्हणालो, "बाई, हे मटण बेवारशी नाही. याला सासू आहे!"

"माझ्या चिखलाला कोणीच नाही," ती म्हणाली. "मीच आहे."

मी नुसता झारा पुसत बसलो. पण तोवर बातमी डेकवर पोचली होती आणि लेओन्सियो चार खलाशांना घेऊन दारात हजर झाला. सणाचं मटण म्हणजे आमच्या लोकांचा जीव की प्राण हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तो म्हणाला, "करडांना कोणी हात लावला तर चिखल जिथून आला तिथे परत जाईल, आणि या वेळी दोराशिवाय!" यास्ना म्हणाली, "आधी मला टाकावं लागेल." लेओन्सियोने तिच्या उंचीकडे बघितलं आणि तो विचार सोडून दिला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच यंत्र बिघडवलं होतं. एका बाजूला तुम्ही, सासूबाई, आणि एका बाजूला ते डोळ्यांना न दिसणारे भावकीतले लोक. मी म्हणालो, कप्तानाला विचारू.

कप्तान उरुतिया हा सडपातळ, सज्जन माणूस आहे. त्याला वादळाची भीती वाटत नाही, भांडणाची वाटते. डोळे मिटून त्याने दोन्ही बाजू ऐकल्या. मग विचारलं, "मटण आज शिजवलं तर खोलीत पुरेशी जागा होईल?"

"होईल," मी म्हणालो, "पण आज चौदा तारीख आहे."

"जहाजावर तारीख-वेळ कोण ठरवतं?"

"तुम्ही."

"मग आज अठरा आहे. चला, निशाण चढवा."

लेओन्सियो उसळला. "कप्तानसाहेब, हा देशाचा सण आहे! कोणाच्या वाढदिवसाचा केक नव्हे, हवा तेव्हा कापायला!"

कप्तान म्हणाला, "परवा सरकारने उन्हाळ्यासाठी अख्ख्या देशाची घड्याळं एक तास पुढे केली, तेव्हा तू काही बोललास? सरकारने एक तास केली, मी चार दिवस करतो. फरक कमी-जास्तीचा आहे, तत्त्वाचा नाही."

लेओन्सियोला यावर उत्तर सुचलं नाही. (अजून सुचलेलं नाही. तो घरी गेल्यावर बायकोपाशी जे बोलला ते त्या न सुचलेल्या उत्तरापोटीच बोलला असं माझं मत आहे.)

सासूबाई, मी तुमची शपथ घेऊन सांगतो, इतक्या घाईत इतका चांगला स्वयंपाक मी आयुष्यात केला नव्हता. मोठ्या पिंपाची भट्टी केली, निखारे फुलवले आणि तुमची करडं तुम्ही सांगितलं होतं तशीच, लसूण, मीठ आणि ओरेगानो एवढंच लावून, सावकाश भाजली. पिठाच्या पारीत कांदा-मटण भरून एम्पानादा केल्या. त्या थोड्या वाकड्या झाल्या, कारण जहाज वाकडं होत होतं. डेकवर दोरी बांधून कागदी निशाणं लावली. कोणीतरी गिटार आणली आणि क्वेकाचा नाच सुरू झाला. यास्नाला एवढं अपराधी वाटत होतं की ती रुमाल फिरवत प्रत्येकाबरोबर एकदा नाचली, स्वयंपाक करताना माझ्याबरोबरही. लेओन्सियो सुरुवातीला पाठ फिरवून बसला होता. पहिल्या बरगडीनंतर तो अर्धा वळला, दुसरीनंतर पूर्ण.

तेवढ्यात तांबं घेऊन चाललेलं एक मालवाहू जहाज जवळून गेलं. त्यांना आमच्या डेकवर धूर, निशाणं आणि धावपळ दिसली. वायरलेसवर त्यांचा आवाज आला, काही संकट आहे का, मदत हवी का? आमचा कप्तान म्हणाला, "काही नाही, आमचा राष्ट्रीय सण आहे." पलीकडे कॅलेंडरची पानं चाळल्याचा आवाज आला. मग तो माणूस चाचरत म्हणाला, "आज चौदा तारीख आहे ना?" कप्तान म्हणाला, "तुमच्याकडे असेल," आणि यंत्र बंद केलं.

सूर्य पाण्याला टेकल्यावर मी सासऱ्यांच्या नावाचा पेला उचलला. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं, अर्धा प्यायलो आणि अर्धा समुद्रात ओतला. सगळे उभे राहिले. लेओन्सियोने टोपी काढली. कप्तानाने विचारलं, "हे रुपेर्तो कोण?" मी सांगितलं की त्यांनी मला मुलगी दिली, आणि नंतर एकदा मी अगदी रडकुंडीला येऊन परत घेता का विचारलं तर नाही म्हणाले. (हे गमतीने म्हणालो. नोल्फाला कळवू नका.) सगळे हसले, आणि मग एकेकाने आपल्या पेल्यातला घोट समुद्रात ओतला, कारण त्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी समुद्रात नाहीतर मातीत होतं. सासूबाई, तारीख चुकीची होती हे मान्य. पण त्या पेल्यात खोट नव्हती. एवढं तरी माझं खरं माना.

मग खोली घासून-पुसून चिखल आत गेला, आणि माझे हाल सुरू झाले. लोणी आत, अंडी आत, खलाशांची बीअर आत, आणि दार उघडायचं नाही! सकाळी एकदा पटकन दार उघडून दिवसभराचं सामान काढायचं, ते यास्ना घड्याळ धरून उभी असताना. मी दारासमोर स्टूल टाकून बसायला लागलो. कोमट बीअरवरून खलाशी इतके चिडले की त्यांनी माझं नाव 'चिखलाची सुईण' ठेवलं. सुरुवातीला मी यास्नाच्या धाकाने राखण करत होतो. मग केव्हा कोण जाणे, माझा मीच तापमानाचा काटा बघायला लागलो. दोन अंशांच्या वर गेला की मी यास्नाला हाका मारत सुटायचो. एकदा तर दाराला तोंड लावून मी विचारलं, "काय मंडळी, बरं आहे ना?" हे लेओन्सियोने ऐकलं. त्यानंतर डेकवर माझी जी नक्कल चालायची ती तुम्हाला सांगत नाही.

मग खरी अठरा तारीख उजाडली. रेडिओवर किनाऱ्यावरून गाणी, भाषणं, सणाच्या शुभेच्छा. आणि आमच्या पातेल्यात घेवड्याचे दाणे आणि लाल भोपळा. खलाशी पानात बघत होते आणि माझ्याकडे बघत होते. एकजण म्हणाला, "आज सण ना रे?" लेओन्सियो कडवटपणे म्हणाला, "छे, कप्तानाच्या हिशोबाने आज बावीस."

दुपारी समुद्र थाळीत ओतलेल्या दुधासारखा स्थिर झाला, तेव्हा यास्नाने तिचा सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर आणून मांडला. तिथेच जहाज सर्वांत कमी हलतं. खाली बर्फाची ताटली, वर चिखलाचा एकेक थेंब. मी मागे बटाटे सोलत होतो. ती डोळा लावायची, थोडा वेळ बघायची आणि म्हणायची, "रिकामं." पुढचा थेंब. "फुटलंय." पुढचा. "रिकामं." तो शब्द ऐकून ऐकून माझ्या डोक्यात घण पडायला लागले. मनात म्हटलं, बेलार्मिनो, बाटलीने दूध पाजलेली करडं तू याच्यासाठी चार दिवस आधी भाजलीस? घाणीने भरलेल्या रिकाम्या घरांसाठी? आता म्हाताऱ्या बाईला काय सांगणार? (म्हातारी हा शब्द मनातला होता, तोंडातून निघाला नव्हता.) मी सालं जाड काढायला लागलो.

आणि मग 'रिकामं' आलंच नाही. मी बटाटा हातात धरून थांबलो. यास्नाची पाठ हलत नव्हती. ती मागे न बघता म्हणाली, "काका, इकडे या. हात धुऊन."

"काय झालं?"

"तुमच्या खोलीतला आहे. पहिल्यांदा तुम्ही बघा."

आधी मला माझीच पापणी दिसली. मग नुसता उजेड. मग त्या उजेडात एक गोल घर दिसलं, राखाडी कणांचं, एकाला एक बसवलेलं, मधे फट नाही. आणि त्या घरातून एक धागा बाहेर आला. तुम्ही चीज करताना बोट उचललं की जी तार येते ना, तसा, पण हजारपट बारीक. आणि त्या एवढ्याशा धाग्यातही काहीतरी वाहत होतं, एकाच वाटेवर काही बाहेर चाललेलं, काही घरी परत येणारं, आणि कुणाचा कुणाला धक्का नाही. धागा एका कणापाशी गेला, त्याला चाचपलं, आणि सोडून दिलं. दुसऱ्या कणापाशी गेला. तो पसंत पडला. त्याला हळूहळू घराकडे ओढू लागला. निवडत होता, सासूबाई! शनिवारच्या बाजारात तुम्ही टोमॅटो निवडता, एक दाबून ठेवून देता आणि दुसरा घेता, अगदी तस्सं. डोकं नाही, डोळे नाहीत, बायको नाही, आणि घराला कोणता दगड शोभेल हे मात्र कळत होतं.

खरं सांगतो, तेवढा वेळ मी करडं विसरलो. त्याबद्दल माफी मागतो.

मी बाजूला होतो न होतो तोच मागे रांग लागली होती. कप्तानाने बघण्याआधी कोटाची बटणं लावली. लेओन्सियोने डोळा लावला, बघितलं आणि म्हणाला, "इतकुसा? याच्यासाठी?" आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा बघताना त्याने हळूच विचारलं, "आपण बघतोय हे त्याला कळतं का?" यास्ना म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "बरं आहे," आणि तरी दबक्या पावलांनीच बाजूला झाला.

मग नावाचा विषय निघाला. असला जीव आधी कोणी पाहिला नसेल तर नाव ठेवायचा मान आपला, असं यास्ना म्हणाली. सगळ्या खलाशांनी ताबडतोब आपापल्या सासूचं नाव सुचवलं. (मी नाही. विचारा कोणालाही.) तेव्हा यास्नाने त्यांना तो घाण साठवण्याचा प्रकार सांगितला. त्यावर एकाने नाव मागे घेतलं आणि दोघांनी आग्रह वाढवला. नाव अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जिवाने धागे आत ओढून घेतले आणि पुन्हा काढले नाहीत. यास्ना ताटावर बसलीच नाही, डोळा लावून वाट बघत राहिली. शेवटी उठली आणि म्हणाली, "वरचं पाणी फार हलकं असतं त्याला." लेओन्सियोने कोणी न सांगता रेडिओ बंद केला. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "कांदा चिरताय का, काका?" मी कांदा चिरत नव्हतो, पाव कापत होतो. तरी हो म्हणालो, आणि तिला रुमाल दिला.

तर अशी हकिकत आहे. सांगायचं एवढंच की तुमची करडं वाया गेली नाहीत. सासऱ्यांचा पेला उचलला गेला, माणसं पोटभर जेवली, आणि आठ किलोमीटर खालचा एक भावकीतला पाहुणा पाच दिवस जास्त जगला. यात माझा अपराध दिसत असेल तर तो तुमच्या समोर उभा राहून ऐकून घ्यायला मी तयार आहे. त्यासाठी आधी फोन उचललात तर सोयीचं होईल.

गुडघ्याला शेक देत जा. शिंग मोडलेलीला माझ्या नव्या विजारीपासून लांब ठेवा.

तुमचा, अजून तरी,
जावई बेलार्मिनो आस्तुदियो

ता. क. लेओन्सियोच्या बायकोवर रागावू नका. तो घरी गेल्यापासून परसातल्या मातीची ढेकळं भिंगाखाली धरून बसतो. बाईचं डोकं फिरणारच.

ता. क. दुसरा. एक छोटं काम होतं, म्हणजे खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो होतो. ही माझी शेवटची फेरी, यानंतर घरीच राहीन आणि आपण खानावळ काढू, असा शब्द मी नोल्फाला दिला होता. जानेवारीत 'पिल्पिलेन' पुन्हा निघतंय. यास्नाने थंड खोली पूर्णपणे माझ्या ताब्यात दिली आहे, किल्लीसकट. मी सही करून बसलोय. नोल्फाला हे मी सांगू शकत नाही. जगात ती फक्त तुमचं ऐकते. तेव्हा तुम्ही तिला फोन करून, मूड बघून, विषय हळूच काढावा. मी त्या दिवशी मासळीबाजारात असेन.

ता. क. तिसरा. हे पत्र नोल्फाच्या हाती पडू देऊ नका. एवढं लांबलचक काय लिहितोयस असं ती दोनदा विचारून गेली. मी सांगितलंय की तुमच्याकडून चीजची कृती मागवतोय. त्यामुळे कृपा करून चीजची कृतीही पाठवा.

आई, हे अक्षर माझं आहे. पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडेच दिलं आणि स्वतः पोस्टाची तिकिटं आणायला गेला. जानेवारीचं मला कधीच माहीत आहे. यास्नाने आधी मला विचारलं, मी हो म्हणाले, आणि मगच त्याला विचारलं. घरी आल्यापासून तो दर तासाला फ्रीज उघडून हात घालून बघतो, आणि काल अंड्यांना "काय मंडळी" म्हणाला. जाऊ दे त्याला समुद्रावर. पण तू इतक्यात फोन करू नकोस आणि त्याला काही कळवू नकोस. सही केल्यापासून तोंड चुकवत रोज भांडी तोच घासतोय. जानेवारीपर्यंत असंच चालू दे. तुझी, नोल्फा.